नकाशा बंद, लोकेशन गायब: ‘सेन्सर’च्या नावाने भुई धोपटण्याआधी काय तपासायचं

लातूरचं आडत दुकान, तुळजापूरचं लॉज, जालन्याचा बियाणे विक्रेता, नांदेडचं मंगल कार्यालय. यांच्या साइट २०१० ते २०१४ च्या सुमारास बनलेल्या असतील आणि त्यात गुगल मॅप्स टाकलेला असेल, तर बिघाड ठरलेला असतो आणि दुरुस्त केला तरी काही महिन्यांनी परत येतो. खालच्यांपैकी कुठलं लक्षण दिसतंय ते आधी ठरवा. सगळी एका कारणाची नसतात.

लक्षणं

• नकाशाच्या जागी राखाडी चौकोन आणि पान नीट लोड झालं नाही असा इंग्रजी संदेश.
• नकाशा दिसतो, पण काळपट, आणि त्यावर ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ ही अक्षरं आडवीतिडवी पसरलेली.
• नकाशा व्यवस्थित, पण ‘माझं ठिकाण दाखवा’ हे बटण दाबलं की काहीच होत नाही, किंवा चक्र फिरतच राहतं.
• ठिकाण येतं, पण लातुरात बसलेला माणूस पुण्यात किंवा मुंबईत दिसतो.
• दुकानाची पिन समुद्रात पडते.
• ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (पानावरच्या चुका नोंदवणाऱ्या खिडकीत) ‘सेन्सर नॉट रिक्वायर्ड’ अशी पिवळी ओळ येते.
• सर्व्हरवरून पत्त्याचे अक्षांश-रेखांश मागवले की उत्तर येतं ‘रिक्वेस्ट डिनाइड’.

यातली पिवळी ओळ सगळ्यात आधी डोळ्यात भरते. त्यात ‘सेन्सर’ हा शब्द असतो आणि तक्रार लोकेशनची असते, म्हणून जो तो सेन्सरच्या मागे लागतो. कुणी फॉल्सचं ट्रू करतो, कुणी ट्रूचं फॉल्स. नकाशा तसाच राहतो.

मुळात हा सेन्सर काय होता?

गुगल मॅप्सच्या तिसऱ्या आवृत्तीत नकाशाची स्क्रिप्ट, म्हणजे नकाशा चालवणारा कोड, मागवताना तिच्या वेब-पत्त्याच्या शेवटी ‘सेन्सर’ नावाचं पॅरामीटर (सोबत पाठवायचं मूल्य) देणं बंधनकारक होतं. वापरणाऱ्याची जागा ठरवायला तुमची साइट किंवा ॲप जीपीएससारखा सेन्सर वापरत असेल तर ट्रू, नसेल तर फॉल्स. ती फक्त घोषणा होती. ट्रू लिहिल्याने फोनचं जीपीएस सुरू होत नव्हतं आणि फॉल्स लिहिल्याने बंद पडत नव्हतं. जागा शोधणारा कोड वेगळा, तो ब्राउझरचा, नकाशाचा नव्हे. आजही हा गोंधळ कायम आहे.

त्या काळी हे पॅरामीटर गाळलं किंवा त्यात ट्रू-फॉल्स सोडून तिसरंच काही लिहिलं तर सर्व्हर मागणी नाकारायचा. मार्गदर्शिकेतल्या नमुन्यात त्या जागी ‘सेट टू ट्रू ऑर फॉल्स’ असं लिहिलेलं असे, आणि कित्येकांनी ते शब्द जसेच्या तसे चिकटवले. अशा ओळी जुन्या साइटमध्ये अजून सापडतात.

पुढे ही अट काढून टाकली. आता पॅरामीटर दिलं काय, न दिलं काय, फरक पडत नाही. दिलं तर ती पिवळी ओळ येते, एवढंच. पिवळी म्हणजे सूचना, लाल म्हणजे बिघाड. घोषणा मात्र संपलेली नाही, तिची जागा बदलली: ती आता ब्राउझरच्या परवानगीत, ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये (ॲपची माहिती आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलमध्ये) आणि प्ले स्टोअरच्या फॉर्मवर करावी लागते. अडतं ते बहुतेक तिथेच.

तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे दिल्या आहेत. क्रम मोडू नका. पहिल्या चारांना एक रुपयाही लागत नाही.

१. कन्सोल उघडा आणि लाल ओळ वाचा

संगणकावर क्रोममध्ये साइट उघडा, एफ-१२ दाबा, ‘कन्सोल’ निवडा, पान पुन्हा लोड करा. पिवळ्या ओळी तूर्त सोडा. त्यात सेन्सरची असेल, पिन दाखवणारं जुनं ‘मार्कर’ वापरल्याचीही असेल (फेब्रुवारी २०२४ पासून ते कालबाह्य ठरवलंय, पण चालतं). लाल ओळीच्या शेवटी ‘मॅप एरर’ असं जोडलेलं नाव असतं, आणि पुढची दिशा त्या नावातच असते. ‘मिसिंग की’, ‘इनव्हॅलिड की’, ‘एक्स्पायर्ड की’ आणि ‘रेफरर नॉट अलाउड’ आलं तर सहावी तपासणी. ‘बिलिंग नॉट इनेबल्ड’ आलं तर आठवी. ‘एपीआय नॉट ॲक्टिव्हेटेड’ म्हणजे गुगल क्लाउड खात्यात नकाशाची सेवा सुरूच केलेली नाही, ती सुरू करा. लाल ओळच नाही आणि तरी ठिकाण येत नाही, तर दोष नकाशाचा नाही. दुसरी ते पाचवी बघा.

‘नकाशाची स्क्रिप्ट या पानावर एकाहून जास्त वेळा जोडली आहे’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर थीम आणि प्लगइन दोघांनीही नकाशा मागवलाय. एकाची बंद करा. दोन स्क्रिप्ट असल्या की कधी नकाशा येतो, कधी नाही. ‘सकाळी चालतो, दुपारी बंद’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

२. पत्त्याच्या पट्टीत एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आहे का?

क्रोमने २०१६ मध्ये, आवृत्ती ५० पासून, साध्या एचटीटीपी साइटना लोकेशन देणं बंद केलं. मग परवानगीची खिडकीच येत नाही, नकार परस्पर जातो. बनवणाऱ्याच्या संगणकावर मात्र सगळं चालतं, कारण लोकलहोस्ट, म्हणजे स्वतःच्याच संगणकावर उघडलेली साइट, सुरक्षित धरला जातो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्याचा उगम इथे आहे.

बिघाड दर तीन महिन्यांनी न चुकता परत येत असेल तर संशय एचटीटीपीएसला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर घ्या. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि होस्टिंगवर ते आपोआप नवं होण्याची सोय बंद पडलेली असते. प्रमाणपत्र संपलं की कुणीतरी धोक्याची सूचना टाळायला साइट एचटीटीपीवर उघडतो. पान दिसतं, लोकेशन जातं. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये मुदत बघा आणि आपोआप नूतनीकरण सुरू करा.

उलटा प्रकारही आहे. साइट एचटीटीपीएसवर नेली आणि त्याच दिवशी नकाशा गेला. कारण नकाशाच्या स्क्रिप्टची जुनी ओळ अजून एचटीटीपीनेच सुरू होते, आणि सुरक्षित पानावर असुरक्षित स्क्रिप्ट ब्राउझर अडवतो. ओळीत एक ‘एस’ वाढवला की झालं.

३. फोन तपासा, आणि शेडच्या बाहेर येऊन तपासा

ई-पीक पाहणीमुळे गावोगाव लोकांना ‘लोकेशन चालू करा’ हे पाठ झालंय, पण फोनचं लोकेशन चालू असणं आणि ब्राउझरला परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन कुलपं एकामागोमाग उघडावी लागतात: फोनचं लोकेशन, क्रोम ॲपला परवानगी आणि त्या साइटला परवानगी. तिसरं विसरलं जातं. पत्त्याच्या पट्टीत डाव्या बाजूच्या चिन्हावर बोट ठेवा, ‘परवानग्या’ उघडा आणि लोकेशन अडवलेलं असेल तर ते रीसेट करा. परवानगीची खिडकी उत्तर न देता तीनदा बंद केली तर क्रोम काही दिवस विचारायचंच सोडतो. पान उघडताच परवानगी मागणाऱ्या साइटचं हेच होतं. माणसाने बटण दाबल्यावरच विचारावं.

अँड्रॉइड १२ पासून ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’ असे दोन पर्याय आहेत. अंदाजे निवडलं की सुमारे ३ चौरस किलोमीटरचा पट्टा कळतो, म्हणजे गाव कळेल, गल्ली नाही. ‘लोकेशन येतं पण शेजारच्या गावात दाखवतं’ अशी तक्रार असेल तर सेटिंग्जमध्ये क्रोमच्या परवानगीत ‘अचूक’ सुरू आहे का ते पाहा.

आता जागेचं. वाळूजच्या कारखान्यात, जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये किंवा जिनिंगमध्ये पत्र्याच्या शेडखाली उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही. आधी उघड्या आभाळाखाली या. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती ३० सेकंदांच्या चक्रात पाठवतो. इंटरनेट असेल तर फोन ती माहिती तिकडून पटकन घेतो. रेंज नसलेल्या शिवारात पहिलं ठिकाण यायला अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त लागणारच. तो बिघाड नाही.

लॅपटॉपला बहुधा जीपीएसच नसतं. तो आजूबाजूचे वाय-फाय आणि इंटरनेटचा आयपी पत्ता बघून अंदाज बांधतो. ब्रॉडबँड कंपनीचा आयपी पुण्या-मुंबईच्या नावावर नोंदलेला असेल तर लातूरचा ग्राहक तिकडेच दिसणार. कोडमध्ये याला इलाज नाही. लॅपटॉपवर आलेल्या माणसाला तालुका निवडायची यादी द्यावी, हेच खरं.

४. ‘सेन्सर’ काढा आणि स्क्रिप्ट मागवणारी ती ओळ एकदा नीट वाचा

पॅरामीटर काढल्याने बिघाड जात नाही, तरी काढा. कारण ते काढायला गेलं की ओळीतल्या खऱ्या चुका दिसतात. तीन ठरलेल्या:

वर्डप्रेसमध्ये ओळ लेखाच्या मजकुरात चिकटवली असेल तर & च्या जागी &#०३८; होतं. टॅगच्या आत ब्राउझर ते परत & करून घेतो. जावास्क्रिप्टच्या अवतरणात मात्र ते तसंच राहतं, आणि # च्या पुढचं सगळं सर्व्हरला पाठवलंच जात नाही. एपीआय-की (गुगलने साइटला दिलेली ओळखीची लांबलचक अक्षरं) # च्या पुढे असेल तर ती पोहोचतच नाही. लाल ओळ म्हणते ‘मिसिंग की’, मालक म्हणतो समोर दिसतेय की! दोघेही बरोबर.

दुसरी: & नंतर ‘रीजन’ हे पॅरामीटर असेल तर मजकुरात चिकटवताना त्याच्या पहिल्या तीन इंग्रजी अक्षरांचं गोलातलं नोंदणीचिन्ह ® होऊन बसतं. तिसरी: सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं होतात, आणि कोड त्या ओळीवरच मरतो.

तिन्हींना उपाय एकच. कोड लेखाच्या मजकुरात ठेवू नका, थीमच्या किंवा प्लगइनच्या कोडच्या जागी ठेवा. आधी फाइलची प्रत काढून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी कुणी लेख ‘अपडेट’ केला की बिघाड परत.

५. ठिकाण मागणारा कोड

इथे कोड वाचता येणारा माणूस लागतो, पण तासाभराचं काम आहे. ब्राउझर ठिकाण देऊ शकला नाही की कारणाचा क्रमांक देतो: १ म्हणजे परवानगी नाकारली, २ म्हणजे ठिकाण मिळेना, ३ म्हणजे वेळ संपला. बहुतेक जुन्या साइट हा क्रमांक गिळून टाकतात, म्हणून बटण दाबल्यावर ‘काहीच होत नाही’. सगळ्यात आधी तो क्रमांक मराठी वाक्यासह पडद्यावर दाखवा. ‘लोकेशनची परवानगी बंद आहे’ एवढं वाक्य दिसलं तरी निम्मे फोन येणं थांबतं.

मग वेळ. टाइमआउट, म्हणजे किती वेळ वाट पाहायची ते, दिलाच नसेल तर मर्यादा नसते, चक्र फिरत राहतं. ५००० मिलिसेकंद दिला असेल तर शहरात पुरतो, शिवारात पुरत नाही आणि ३ क्रमांक येत राहतो. २०००० द्या, उच्च अचूकता सुरू ठेवा. ३ क्रमांक आला तर दुसरा प्रयत्न उच्च अचूकता बंद करून करा आणि ५ मिनिटांपर्यंतचं जुनं ठिकाण चालवून घ्या, म्हणजे कमाल वय ३००००० मिलिसेकंद. जवळचं दुकान दाखवायला एवढं पुष्कळ झालं.

ठिकाणासोबत अचूकतेचा आकडा मीटरमध्ये येतो. तो वाचून निर्णय घ्या. उघड्यावर चांगल्या फोनला साधारण ५ मीटर. आकडा हजारांत गेला तर पिन न लावता मोठं वर्तुळ काढा, किंवा सरळ गाव विचारा.

समुद्रातली पिन हा वेगळा आणि मजेशीर प्रकार. छत्रपती संभाजीनगरचा अक्षांश १९.८८ आणि रेखांश ७५.३४. अदलाबदल झाली की पिन थेट आर्क्टिकमध्ये, स्वालबार्डच्या दक्षिणेच्या समुद्रात. गुगल मॅप्स अक्षांश आधी मागतो, जिओजेसन (ठिकाणांची माहिती साठवायच्या) फाइलमध्ये रेखांश आधी असतो. फाइल तशीच ओतली की हे होतं. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पिन पडली तर दोन्ही आकडे शून्य आहेत, म्हणजे माहितीच रिकामी आहे. मराठवाड्यासाठी कोडमध्ये एक साधी चाळणी लावा: पहिला आकडा १७ ते २१ च्या आत, दुसरा ७४ ते ७९ च्या आत. बाहेरचं काही आलं तर पिन लावायची नाही.

दुसऱ्या साइटच्या चौकटीत, म्हणजे आयफ्रेममध्ये, तुमचं पान दाखवलं जात असेल तर बाहेरच्या साइटने त्या चौकटीला ‘जिओलोकेशन’ची मुभा लिहून द्यावी लागते. ती नसेल तर क्रमांक १ येणारच.

६. एपीआय-की

२०१८ पासून एपीआय-की आणि बिलिंग खातं दोन्ही लागतात. त्याआधीच्या कित्येक साइट एपीआय-कीशिवाय चालायच्या. तुमची साइट ‘अचानक’ बंद पडली असं वाटत असेल तर तो अचानकपणा २०१८ चा असू शकतो, लक्ष आज गेलं एवढंच.

गुगल क्लाउड कन्सोलमध्ये ‘क्रेडेन्शियल्स’ उघडा. ‘रेफरर नॉट अलाउड’ आलं असेल तर परवानगी असलेल्या साइटच्या यादीत तुमचा पत्ता त्याच रूपात नाही. तीन डब्ल्यूसह आणि त्यांच्याविना, दोन्ही लिहा, शेवटी /* द्या. बदल लागू व्हायला ५ मिनिटांपर्यंत वेळ जातो. दर अर्ध्या मिनिटाला नवा बदल करणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

यादी रिकामी ठेवून ‘चाललं एकदाचं’ म्हणू नका. ब्राउझरमधली एपीआय-की कुणालाही दिसते. बंधन नसेल तर दुसरा कुणी ती वापरतो आणि बिल तुमच्या कार्डावर येतं.

७. सर्व्हरवरून ‘रिक्वेस्ट डिनाइड’

पूर्वी पत्ता शोधणाऱ्या सेवेला सेन्सर गाळून मागणी केली की हेच उत्तर यायचं, म्हणून जुने सल्ले ‘सेन्सर फॉल्स जोडा’ म्हणतात. आज त्याचा उपयोग शून्य. उत्तरातच कारणाचं वाक्य असतं, ते वाचा. नेहमीचं कारण: साइटच्या पत्त्याने बांधलेली ब्राउझरची एपीआय-की सर्व्हरवर वापरली. दोन एपीआय-की करा, एक ब्राउझरसाठी साइटच्या पत्त्याने बांधलेली, दुसरी सर्व्हरसाठी आयपीने बांधलेली. स्वस्त सामायिक होस्टिंगवर बाहेर जाणारा आयपी बदलू शकतो. मग दर काही आठवड्यांनी नकार सुरू होतो. होस्टिंगवाल्याला स्थिर आयपी विचारा.

उत्तर येतं पण गाव चुकीचं? पिंपळगाव, वडगाव नावाची गावं तालुक्यागणिक आहेत. गावासोबत तालुका, जिल्हा आणि पिनकोड पाठवा, देश भारतापुरता मर्यादित करा. जुन्या यादीत औरंगाबाद, उस्मानाबाद लिहिलेलं असेल तर नव्या नावांनीही शोधून दोन्ही उत्तरं जुळतात का पाहा. स्वतःच्या दुकानाचा पत्ता मात्र दर वेळी शोधायला लावू नका. दारात उभं राहून मोजलेले आकडे कोडमध्ये एकदाच लिहा.

८. बिलिंग

काळपट नकाशा आणि ती आडवीतिडवी अक्षरं म्हणजे जवळजवळ नेहमी हेच: बिलिंग जोडलेलं नाही, कार्डाची मुदत संपली किंवा पैसे कापले गेले नाहीत. दरमहा २०० डॉलरची सर्वसाधारण सूट मार्च २०२५ पासून गेली, त्याऐवजी सेवेगणिक मोफत मर्यादा आल्या. भारतासाठी ऑगस्ट २०२४ पासून वेगळे, कमी दर आहेत. बजेटची सूचना लावली म्हणून खर्च थांबत नाही, ती फक्त ईमेल पाठवते. थांबवायचं असेल तर रोजच्या मागण्यांची मर्यादा, म्हणजे कोटा, लावावा लागतो.

लॉज किंवा मंगल कार्यालयाच्या साइटला फक्त एक पिन दाखवायची असेल तर हे सगळं कशाला? गुगल मॅप्समध्ये आपली जागा उघडा, ‘शेअर’ मधून ‘नकाशा एम्बेड करा’ घ्या आणि तो तुकडा पानावर लावा. एपीआय-की नाही, बिल नाही, सेन्सरचा प्रश्न नाही. या विषयात येणाऱ्या निम्म्याअधिक साइटना एवढंच पुरतं, पण बनवून देणाऱ्याला ते सांगायचं सुचत नाही.

९. स्वतःचं ॲप असेल तर

अँड्रॉइडमध्ये लोकेशनची घोषणा मॅनिफेस्टमध्ये लागते. अचूक ठिकाण हवं असेल तर अंदाजे आणि अचूक दोन्ही परवानग्या मागाव्या लागतात. नव्या अँड्रॉइडवर एकटी अचूक मागून चालत नाही. साइटच ॲपच्या चौकटीत, म्हणजे वेबव्ह्यूमध्ये, उघडत असेल तर पानाची परवानगीची विनंती ॲपने हाताळावी लागते. तो कोड नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं बटण ॲपमध्ये मुकं होतं. आयफोनवर लोकेशन कशासाठी हवंय ते वाक्य ॲपच्या माहितीत लिहिलेलं नसेल तर विचारणाच होत नाही. प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्मवर लोकेशन घेतल्याचं लिहायचं राहिलं तर पुढचं अपडेट अडकू शकतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

बिल अचानक फुगलं असेल तर तपासत बसू नका. आधी ती एपीआय-की बंद करा, नकाशा बंद पडला तरी चालेल, आणि जाणकाराला गाठा. साइटच्या कोडमध्ये न समजणारी, लांबलचक, विचित्र अक्षरांची स्क्रिप्ट दिसली तर साइटमध्ये कुणी घुसलेलं असू शकतं. नकाशा दुय्यम आहे. डोमेन किंवा होस्टिंग जुन्या डेव्हलपरच्या नावावर असेल, ॲपची सही करायची फाइल हरवली असेल, तरीही घरगुती उपाय नको.

आणि बांधाचा वाद असेल तर डेव्हलपरलाही बोलवू नका. फोनचा ५ मीटरचा फरक म्हणजे सोळा फूट. भांडण दोन फुटांचं असतं. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करायचा, नकाशाचा फोटो दाखवून उपयोग नाही.

जाणकाराला फोन करण्याआधी एवढं हाताशी ठेवा: कन्सोलमधल्या लाल ओळीचा स्क्रीनशॉट, ठिकाण न मिळाल्याच्या कारणाचा क्रमांक (१, २ की ३), अचूकतेचा आकडा, फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती, शेवटचा बदल कुणी आणि कधी केला. क्लाउड खात्याचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. त्याच्या ईमेलला त्या प्रोजेक्टपुरता प्रवेश द्या आणि काम झालं की काढून घ्या.